‘मुलांच्या डोक्यात नको ते भरू नका’: एका शिक्षकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

शाळांनी विद्यार्थ्यांमध्ये खाण्याच्या विकारांबद्दल जागरूकता निर्माण करावी, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही सविस्तर आणि परखड लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ज्या मुलांनी अ‍ॅनोरेक्सियाचं (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं कमी कमी करत नेण्याच्या आजाराचं) नावही ऐकलेलं नाही, त्यांना ते सांगून आपणच त्यांच्या हाती कोलीत देतो. हा मूठभर मुलींच्या बारीक दिसण्याच्या हौसेचा प्रश्न आहे, शाळेपुढची खरी अडचण वाढत्या वजनाची आहे. शिवाय शिक्षक काही डॉक्टर नाहीत, आधीच्या कामात ही भर कशाला? आणि शेवटी तुम्ही विचारलंय, “शिक्षकाने उद्या वर्गात गेल्यावर नेमकं काय करायचं, ते सांगा.” शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करताना हे सगळे प्रश्न मला शिक्षक-खोलीत वारंवार ऐकायला मिळतात. म्हणून दोन ओळींत न आटोपता नीट लिहिते.

पहिला आक्षेप सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि तुमची भीती निराधार नाही. १९९७ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी १३-१४ वर्षांच्या शाळकरी मुलींसाठी राबवलेल्या अशाच एका उपक्रमाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपक्रम संपला तेव्हा मुलींची माहिती वाढलेली होती, वागण्यातही सुधारणा दिसत होती. सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं तर ती सुधारणा ओसरली होती आणि खाण्यावर स्वतःहून बंधनं घालण्याचं प्रमाण सुरुवातीपेक्षाही वाढलं होतं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातला एक अभ्यास आला. तिथे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींसमोर, या आजारातून बऱ्या झालेल्या त्यांच्याच बरोबरीच्या मुली आपले अनुभव बोलल्या होत्या. नंतर पाहिलं, तर कार्यक्रमाला बसलेल्या मुलींमध्ये न बसलेल्यांपेक्षा लक्षणं किंचित जास्तच होती. आजाराबद्दलची लाज कमी करायच्या प्रयत्नात, ‘असं तर बऱ्याच जणी करतात’ हा संदेश गेला असावा, असा संशोधकांचा कयास होता.

म्हणजे एक पाहुणे बोलवायचे, सभागृहात तीन-चार तुकड्या एकत्र बसवायच्या, पडद्यावर हाडं दिसणाऱ्या मुलीचा फोटो लावायचा आणि लक्षणांची यादी वाचायची, याला माझा तुमच्याइतकाच विरोध आहे. त्या सभागृहात एखादी मुलगी आधीच या चक्रात सापडलेली असते. इतरांना तो फोटो बघून भीती वाटते, तिला मात्र ती स्पर्धा वाटते. कुणाचं वजन कितीवर गेलं होतं, कोण दिवसाला किती कमी खात होतं, घरच्यांपासून कसं लपवत होतं, हे सगळे तपशील ती टिपून घेते. म्हणून विद्यार्थ्यांसमोर आकडे नकोत, युक्त्या नकोत, फोटो नकोत. हा नियम पाहुण्यांनाही आधीच सांगावा आणि त्यांना तो मान्य नसेल तर कार्यक्रम रद्द करावा, इतक्या ठामपणे मी हे म्हणेन.

पण यावरून ‘गप्प बसणंच बरं’ असा निष्कर्ष तुम्ही काढता, तो मला पटत नाही. त्यामागे मुलांची पाटी कोरी आहे असं गृहीत आहे, आणि ती कोरी नाही. फिजीमधल्या एका भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. तिथल्या समाजात धडधाकट, भरलेलं शरीर चांगलं मानलं जायचं. अ‍ॅन बेकर या संशोधिकेने तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. १९९५ मध्ये वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही मुलगी नव्हती. १९९८ मध्ये हे प्रमाण ११.३ टक्के होतं. त्या मुलींना कुठल्या शिक्षकाने काही शिकवलं नव्हतं. आता तर पडदा प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि एकदा एखादा ‘वजन घटवा’ व्हिडिओ पाहिला की पुढचे दहा आपोआप समोर येतात. या सगळ्यात गप्प असतात ती फक्त ज्यांच्यावर मुलांचा विश्वास आहे ती मोठी माणसं.

आणि १९९७ नंतर संशोधन थांबलेलं नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एरिक स्टाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉडी प्रोजेक्ट’ नावाचा कार्यक्रम तयार केला. त्यात आजाराबद्दल व्याख्यान नसतं. मुलींचे छोटे गट करून त्यांनाच बोलतं केलं जातं. ‘बारीक म्हणजेच सुंदर’ ही कल्पना कुणी पसरवली, तिच्यातून पैसे कोण कमावतं, तिच्यामागे धावताना आपण काय काय गमावतो, हे त्या स्वतः शोधतात. आपल्याहून लहान मुलीला यात न अडकण्याबद्दल पत्र लिहितात. गट चालवणारी ताई मुद्दाम ‘मला अजून बारीक व्हायचंय’ म्हणणाऱ्या मुलीची भूमिका घेते आणि मुली तिला परावृत्त करतात. एखाद्या गोष्टीविरुद्ध आपण स्वतः चारचौघांत बोललो, की ती गोष्ट मनातही पहिल्यासारखी टिकत नाही, एवढंच यामागचं सूत्र आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हा कार्यक्रम केलेल्या मुलींमध्ये ३ वर्षांच्या काळात खाण्याचा विकार सुरू होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला. ऑस्ट्रेलियात ‘मीडिया स्मार्ट’ नावाची ८ तासिकांची मालिका आठवीच्या वर्गांत मुलगे आणि मुली दोघांसाठी घेतली गेली. जाहिरातीतले फोटो कसे बदलले जातात, ‘आधी’ आणि ‘नंतर’ची चित्रं कशी रचली जातात, यावर मुलं काम करतात. अडीच वर्षांनंतरही त्या मुलांमध्ये वजन आणि आकाराची चिंता इतरांपेक्षा कमी होती. या तासिका तुमच्या भाषा विषयात बसतात, चित्रकलेत बसतात. आजाराचं नावही घ्यावं लागत नाही.

आता ‘हौस’. सर, इथे मला थोडं कडक बोलावं लागेल. अ‍ॅनोरेक्सिया हा मानसिक आजारांमधल्या सर्वांत जास्त जीव घेणाऱ्या आजारांपैकी एक आहे. २०११ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा या रुग्णांमधला मृत्युदर त्याच वयाच्या इतरांच्या पाचपटींहून अधिक निघाला आणि झालेल्या मृत्यूंपैकी दर पाचांतला एक आत्महत्येने होता. उपाशी राहणं हौसेने सुरू झालं तरी पुढे ते हौसेच्या हातात राहत नाही. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांवर प्रयोग केला. शरीराने आणि मनाने निरोगी म्हणून निवडलेले पुरुष होते ते, बारीक व्हायचं म्हणून आलेले नव्हते. २४ आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं. ते चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले, ताटातलं अन्न तासन्‌तास चिवडू लागले, काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले. जे वागणं आपण ‘नखरे’ म्हणून मोडीत काढतो, त्यातलं बरंचसं भुकेल्या मेंदूचं वागणं असतं. म्हणूनच ‘नीट जेव, एवढं काय’ हा सल्ला चालत नाही.

हा फक्त मुलींचा प्रश्नही नाही. मुलग्यांमध्ये त्याचा चेहरा वेगळा असतो, इतकंच. स्नायू हवेत, चरबी नको, म्हणून चाललेले प्रकार आपल्याला ‘शिस्त’ वाटतात आणि आपण वर कौतुक करतो. शिवाय खाण्याचे विकार असलेले बहुसंख्य लोक हाडकुळे नसतातच. लपूनछपून, ताबा सुटून खूप खाणं आणि मग स्वतःची घृणा वाटणं हाही विकार आहे. जिला तुम्ही ‘वाढत्या वजनाची’ म्हणून मोजता, ती याच आजाराशी झगडत असू शकते.

त्यामुळे वाढतं वजन विरुद्ध खाण्याचे विकार असा सामना लावूच नका. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १४-१५ वर्षांच्या विद्यार्थ्यांचा ४४ शाळांमध्ये ३ वर्षं पाठपुरावा झाला. कडक डाएट करणाऱ्या मुलींना खाण्याचा विकार होण्याची शक्यता डाएट न करणाऱ्यांच्या १८ पट होती. मध्यम डाएट करणाऱ्यांमध्येही ती ५ पट होती. आणि वजनावर शाळा जे उपाय करते, त्यांचं काय होतं? कॅलिफोर्नियात ७९ शाळांमधल्या २८ हजारांहून अधिक मुलांवर अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेत वजन-उंची मोजून बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणाऱ्या आकड्याचा) अहवाल पालकांना पाठवला, तरी वजनात काही सुधारणा झाली नाही. ज्या शाळांत वजन केलं जात होतं, तिथल्या मुलांची आपल्या वजनाबद्दलची नाराजी मात्र वाढली.

तुमच्या शाळेतली आरोग्य तपासणी एकदा मुलांच्या नजरेतून बघा. काटा वर्गाच्या दाराशी ठेवलेला असतो. एक शिक्षक आकडा मोठ्याने वाचतात, टेबलाशी बसलेले दुसरे शिक्षक तो नोंदवहीत लिहितात, ऐकू आला नाही तर ‘किती?’ विचारतात आणि पहिले शिक्षक तो आणखी मोठ्याने सांगतात. रांगेत एक मुलगी बूट काढून ठेवते, स्वेटर काढते, पाण्याची बाटली मैत्रिणीकडे देते. एक मुलगा पोट आत ओढून चढतो. मागून कुणीतरी हसतं. मधल्या सुट्टीपर्यंत एकाला नवीन नाव पडलेलं असतं, आणि ते नाव दहावीपर्यंत पुरतं. या पंधरा मिनिटांत मुलं जे शिकतात, ते वर्षभराच्या आरोग्याच्या धड्यांना पुसता येत नाही. वजन घ्यायलाच हवं असेल तर एकेकाला आत बोलवा, काट्याकडे पाठ करून उभं करा, आकडा न बोलता लिहा, आणि नोंदवही विद्यार्थ्याच्या हाती देऊन कार्यालयात पाठवू नका. यासाठी एक पैसाही लागत नाही.

इथेच तुमच्या तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर आहे. शिक्षक डॉक्टर नाहीत, मान्य. निदान करू नये, उपचार तर अजिबात करू नयेत. पण शाळेतलं वातावरण शिक्षकांच्याच हातात असतं. टोरांटोतल्या बॅले नृत्याच्या एका शाळेत मानसशास्त्रज्ञ नीवा पिरान यांनी १९८७ पासून अनेक वर्षं काम केलं. शरीराकडे सतत बघितलं जाणारी जागा ती, धोका सगळ्यांत जास्त. त्यांनी विद्यार्थिनींना लक्षणं शिकवण्याऐवजी त्यांना काय खुपतं ते ऐकून घेतलं आणि त्याप्रमाणे शाळा बदलायला लावली. शिक्षकांनी शरीराच्या आकारावर शेरे मारणं बंद केलं, ताकद आणि कौशल्य यांवर बोलायला सुरुवात केली. काही वर्षांच्या अंतराने केलेल्या पाहण्यांमध्ये खाण्याबद्दलच्या घातक सवयी कमी होत गेलेल्या दिसल्या.

म्हणून जागरूकतेची पहिली बैठक शिक्षकांची, आणि तिथे शाळेतले शिपाई, मावशी, बसमधल्या ताई सगळे हवेत, कारण डबा न उघडता परत नेणारं मूल बहुतेक वेळा त्यांनाच आधी दिसतं. ‘सुट्टीत चांगलीच बाळसेदार झालीस’, ‘किती छान बारीक झालीस’ ही दोन्ही वाक्यं शाळेतून हद्दपार करायची. दुसरं वाक्य जास्त धोकादायक आहे, कारण ज्या मुलीचं वजन आजाराने उतरलंय तिला आपण शाबासकी देत असतो. स्वतःच्या डाएटच्या गप्पा मुलांसमोर नकोत. रोज काय खाल्लं आणि त्यात किती कॅलरी, हे लिहून आणायचा प्रकल्प विज्ञानात असेल तर तो बदला. शिक्षा म्हणून पळायला लावू नका. वजनावरून चिडवणं हा छळच आहे, असं शाळेच्या नियमांत लिहा.

आणि एखाद्या मुलाबद्दल शंका आली तर? एकटं गाठा, पण घाईत नाही. शरीराबद्दल, वजनाबद्दल, डब्याबद्दल सुरुवात करू नका. जे दिसलं ते सांगा: “गेले काही दिवस तू सुट्टीत एकटी बसतेस, खेळायला जात नाहीस. मला काळजी वाटली म्हणून विचारतोय. कसं चाललंय?” ती म्हणेल ‘काही नाही सर’. बहुतेक सगळी मुलं पहिल्यांदा हेच म्हणतात. वाद घालू नका, “ठीक आहे, मी परत विचारेन” म्हणा आणि खरंच परत विचारा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका, ते पाळता येत नाही. मग समुपदेशकांना सांगा, आणि त्या मुलीशी बोलून पालकांना. पालकांना दोष देत बोलवाल तर ते पुन्हा येणार नाहीत, आणि किशोरवयीन मुलांच्या उपचारात घरच्यांचा वाटा फार मोठा असतो. मैत्रिणींनाही सांगून ठेवा, की एखादीची काळजी वाटली तर मोठ्यांना सांगणं म्हणजे चहाडी नव्हे. कुणाला सांगायचं त्या व्यक्तीचं नाव प्रत्येक वर्गाला माहीत हवं.

थांबायचं नाही अशा काही वेळा असतात: मूल चक्कर येऊन पडलं, छातीत धडधडतंय म्हणालं, पाणीसुद्धा प्यायला नकार देऊ लागलं, वजन झपाट्याने उतरलं, किंवा जगायचं नाही असं बोललं. तेव्हा समुपदेशकांच्या वेळेची वाट बघू नका. त्याच दिवशी पालकांना बोलवा आणि डॉक्टरांकडे पाठवा, त्याला एकटं सोडू नका. वजन ‘बरं दिसतंय’ म्हणून हे पुढे ढकलू नका. सारखी उलटी काढणाऱ्या मुलाच्या रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकतं, त्याने हृदयाची लय बिघडते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

तुमच्या शाळेत पुढची आरोग्य तपासणी कधी आहे, ते कळवाल का? त्याआधी शिक्षकांची एक तासाची बैठक घेता आली, तर तिच्यासाठी मी वापरते ते टिपण मी तुम्हाला पाठवते. त्यात काय अव्यवहार्य वाटलं, तेही इतक्याच परखडपणे लिहा.