कॅशचा हिशेब

रविवारच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त काल व्हॉट्सॲपवर आलं. ठराव क्रमांक ४ : ‘खजिनदारांना कॅशबाबत समाधानकारक खुलासा करता आला नाही.’ खजिनदार मी. आणि कॅश पैशांची नव्हे हो, लॅपटॉपची!

सोसायटीचा लॅपटॉप म्हणजे ४ जीबी रॅम, आत जुनी गरगरणारी हार्ड डिस्क, वर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम. ताळेबंद उघडायला जरा वेळ लागला, तर पहिल्या रांगेतले ऑडिटरकाका म्हणाले, “मेमरी भरली असेल, बघा.” काका निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, ऑडिट सुटलेलं नाही. आणि मला शहाणपणा दाखवायची हौस. भर सभेत मेमरीचा हिशेब दाखवणारी ‘फ्री’ ही कमांड मारली. प्रोजेक्टरवर हातभर उंचीचे आकडे उमटले.

“एकूण ३८००, आणि शिल्लक १६०?” काकांनी चष्मा पुसला.

“एमबी आहेत ते, काका.”

“काही का असेनात. बाकीचे गेले कुठे?”

“१२१० वापरात. २४३० कॅशमध्ये.”

इथेच घात झाला.

“एवढी कॅश हातात असताना शिल्लक १६०?”

मी सांगितलं, की ही कॅश वेगळी: डिस्कवरून वाचलेली फाईल रिकाम्या रॅममध्ये ठेवून देतात, म्हणजे पुन्हा लागली तर हेलपाटा वाचतो. कुणाला जागा हवी झाली की ती लगेच सोडतात. म्हणून बघायचा तो ‘अव्हेलेबल’चा रकाना, तिथे २२८० आहेत.

“म्हणजे तीच रक्कम दोन रकान्यांत दाखवलीत.” मागून कुणीतरी ‘अरे बापरे’ म्हणालं. “आणि खाली हे स्वॅप ३१०?”

“बराच वेळ न लागलेली मेमरीची पानं डिस्कवर हलवलीत, चार-चार केबीची.”

“कुणाच्या मंजुरीने?”

“कर्नलच्या.” म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, मेमरी तोच वाटतो.

सी विंगमधले निवृत्त कर्नलसाहेब ताडकन उभे राहिले. “माझा या व्यवहाराशी संबंध नाही!”

खरं तर डिस्कवर जागा उसनी घेण्याची ही युक्ती जुनी आहे. मँचेस्टरच्या ॲटलस संगणकावर १९६२ साली थोडी वेगवान मेमरी आणि डिस्कसारखाच साठवणीचा मोठा संथ ड्रम मिळून एकच ऐसपैस जागा असल्याचा भास प्रोग्रामला करून देत. प्रत्येकाला वाटावं, सगळी जागा आपलीच. आमच्या बिल्डरने पार्किंग असंच विकलं. लिनक्सही असलेल्या मेमरीपेक्षा जास्त कबूल करून बसतो, सगळे एकदम मागणार नाहीत या भरवशावर. मागितलीच, तर एखाद्या प्रोग्रामला सरळ ठार करतो. आमच्याकडे टायरमधली हवा जाते, एवढाच फरक.

आता रागाचं सांगतो. ८ जीबीची पट्टी मी दोन वर्षं मागतोय. दोन्ही वेळा ‘पुढील सभेत विचार व्हावा’. गेटवरची रोषणाई मात्र दोन मिनिटांत मंजूर. आणि हीच मंडळी फोनवर तासातासाला मेमरी रिकामी करणारे ‘क्लीनर’ चालवतात, मग ॲप उघडायला वेळ का लागतो म्हणून मलाच विचारतात. बंद केलेलं ॲप पुन्हा पहिल्यापासून उभं करावं लागतं, दुसरं काय!

असो. ‘कॅश रिकामी करून दाखवावी’ हे बहुमताने ठरलं. मी केली. १६० चे २१०० झाले, टाळ्या पडल्या. मग काका म्हणाले, “आता उघडा ताळेबंद.”

उघडेना. मघाशी वाचून ठेवलेलं सगळं मीच फेकून दिलेलं. एकदा वाचायला रॅमला लागतात साधारण १०० नॅनोसेकंद, आमच्या डिस्कला १० मिलिसेकंद. म्हणजे लाखपट, सेकंदाचं काम सत्तावीस तासांवर. डिस्क घरघरत होती, भिंतीवर ते चक्र फिरत होतं, सत्तर माणसं त्याच्याकडे बघत होती. सामोसे गार झाले.

काका सभेकडे वळले. “बघितलंत? कॅश काढली की कारभार ठप्प.”

मी दोन तास हेच सांगत होतो!

ठराव क्रमांक ५ मध्ये कर्नल यांच्याकडून लेखी खुलासा मागवलाय. कर्नलसाहेबांनी तो आज सकाळीच दिला, तीन प्रतींत.