पासवर्ड बरोबर होता, तरी डेटा का निघाला नाही: आपल्या एक स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब. आपण लिहिलंय: 'उबंटूचा लॅपटॉप दिला. पासवर्ड बरोबर असून डेटा निघाला नाही, तीन दिवस ठेवून घेतला, वर 500 रुपये घेतले. यांना लिनक्समधलं काही कळत नाही, आता पुण्याला नेतो.' गडहिंग्लजहून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या दुकानापर्यंत दोन खेपा मारून हात हलवत परत जायचं म्हणजे राग येणारच. पण 'कळत नाही' याला उत्तर द्यायलाच हवं.

पासवर्ड बरोबर होता हे आम्हीही तेव्हाच सांगितलं. होमचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा आपल्या फाईली असलेला भाग, त्यानंच उघडलं, फक्त आत फाईल सिस्टिमच, म्हणजे फाईलींची मांडणीच नव्हती. लक्समध्ये, म्हणजे उबंटूसारख्या लिनक्समध्ये डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करायच्या पद्धतीत, डेटा पासवर्डनं नाही, मास्टर कीनं एन्क्रिप्ट होतो. ती की पार्टिशनच्या सुरुवातीच्या हेडरमध्ये असते. पासवर्ड म्हणजे की ठेवलेल्या डबीचं झाकण. त्याच पार्टिशनवर कुणी पुन्हा लक्सफॉरमॅट (नव्यानं कुलूप बसवणारी कमांड) चालवलं तर हेडर नवं आणि मास्टर कीही नवी. पासवर्ड जुनाच टाकला तरी मागचा डेटा मग नुसता कचरा दिसतो.

हा अंदाज नाही. कुठलं पार्टिशन उघडायचं ते लिहिलेल्या क्रिप्टटॅब फाईलमध्ये एक यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) आणि पार्टिशनवर दुसराच. सुरू होताना लॅपटॉप दीड मिनिट अडकायचा तो यामुळंच. रूट पार्टिशन, म्हणजे खुद्द उबंटू असलेला भाग, एन्क्रिप्टेड नव्हतं, म्हणून ऑथ लॉग (लॉगिन आणि सुडोची नोंदवही) वाचता आला. सुडोनं, म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं, चालवलेली ती लक्सफॉरमॅट कमांड त्यात तारीख-वेळेसकट आहे, लॅपटॉप आमच्याकडं येण्याच्या आधीची. काउंटरवर स्क्रीन फिरवून आपल्याला दाखवली होती. कुणी चालवली ते आम्ही विचारलं नाही. (ती कमांड इशारा देते, कॅपिटलमध्ये 'यस' टाईप केल्याशिवाय पुढं सरकत नाही. घाईत माणूस तेही टाईप करतो.)

दिवस गेले ते मूळ डिस्कला धक्का लागू नये म्हणून. 1 टीबीची आधी पूर्ण कॉपी केली, मग कॉपीवर जुन्या हेडरचा तुकडा उरलाय का ते शोधलं. नवं हेडर नेमकं त्याच जागी बसलंय, काही उरलेलं नाही. 500 रुपये तपासणीचे. लॅपटॉप घेतानाच सांगितले होते, पावतीवर आहेत. रिकव्हरीचा एक रुपया लावलेला नाही.

पुण्याला जरूर न्या. फक्त कीशिवाय डेटा काढून देतो म्हणणाऱ्याला ॲडव्हान्स देऊ नका.

एक वाट अजून आहे. लक्सफॉरमॅट फक्त हेडर लिहितं, मागचा एन्क्रिप्टेड डेटा जागेवरच राहतो. ज्यानं सुरुवातीला उबंटू टाकून दिलं त्यानं हेडरचा बॅकअप घेतला होता का, विचारा. साधारण 16 एमबीची फाईल असते. जुने पेनड्राईव्ह, मेल बघा. तोवर त्या डिस्कवर काही टाकू नका, विंडोज तर नकोच. फाईल मिळाली तर घेऊन या, हेडर परत बसवायचे पैसे घेणार नाही. आणि चार्जर आणा, मागच्या वेळी राहिला होता.