रूट कोण?

बँकेच्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागात माझी 34 वर्षं गेली. कोबोल या संगणकभाषेत व्याजाची गणितं बसवली, विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळ्या पडद्यापुढे चष्म्याचा नंबर वाढवून घेतला. शाखेतून कुणाचाही फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला, "मॅन्युअल वाचलंत का?" पलीकडचा गप्प व्हायचा. मला वाटायचं, चूक कळली म्हणून.

14 जानेवारी 2020 ला विंडोज 7 ची देखभाल थांबली. माझा लॅपटॉप माझ्यासारखाच, निवृत्त पण ठणठणीत. भाचा म्हणाला, "मामा, विंडोज काढा, त्यावर डेबियन टाका. लिनक्सचाच एक प्रकार. फुकट असतं." यानंतर तो बरंच काही बोलला, पण 'फुकट'च्या पुढचं माझ्या कानांवर पडलंच नाही.

1991 साली हेलसिंकीतल्या 21 वर्षांच्या लिनस टोरव्हाल्ड्सने हौस म्हणून लिनक्स लिहायला घेतलं. त्याच वर्षी मी तिमाही व्याजातला एका पैशाचा फरक शोधत होतो. ज्याची त्याची हौस.

इन्स्टॉल करताना डेबियनने रूटचा पासवर्ड मागितला. दिला. मग माझा मागितला. तोही दिला. आज्ञा टाइप करायची खिडकी, म्हणजे टर्मिनल, उघडलं आणि तो काळा पडदा पाहून माहेरी आल्यासारखं वाटलं. सवयीने फायलींची यादी दाखवणारं डॉसचं 'डीआयआर' टाइप केलं तर चक्क चाललं! पडदा पुसायला 'सीएलएस' टाइप केलं. 'कमांड नॉट फाउंड.' माहेरी दिवाणखान्यापर्यंतच प्रवेश होता.

रात्री अकराला एक प्रोग्रॅम टाकायला घेतला. त्यासाठी वरचे अधिकार मागणारी 'सुडो' ही आज्ञा लिहिली, तिने पासवर्ड मागितला, मी बटणं दाबतोय आणि पडद्यावर काहीच नाही. अक्षर नाही, चांदणी नाही. जोरात दाबून पाहिलं. जुन्या टूथब्रशने कीबोर्ड झाडला. शेवटी भाच्याला उठवलं.

"मामा, पासवर्ड दिसत नाही, पण असतो."

"म्हणजे देवासारखा?"

श्रद्धेने टाइप केला. उत्तर आलं ते इंग्रजीत, आणि पोलिसी थाटाचं : तुम्ही सुडोअर्स फाइलमध्ये, म्हणजे सुडोची परवानगी असलेल्यांच्या यादीत, नाही. या घटनेची तक्रार केली जाईल.

घरात मी आणि झोपलेली बायको. मी आधी वायफाय बंद केलं, मग दिवा. अंधारात पुन्हा फोन लावला.

"मामा, मॅन पेज, म्हणजे इथलं मॅन्युअल, वाचलंत का?"

मी गप्प बसलो. चूक कळली म्हणून नव्हे.

"बरं, तक्रार जाते कुणाकडे?" मी हळूच विचारलं.

"रूटकडे."

"हा रूट कोण?"

"तुम्हीच! रूट म्हणजे या संगणकाचा सर्वाधिकारी. तुम्ही रूटला वेगळा पासवर्ड दिलात, म्हणून डेबियनने तुमच्या नेहमीच्या खात्याला सुडोचे अधिकार दिले नाहीत."

म्हणजे माझी तक्रार माझ्याकडेच येणार. मी दिवा लावला. बँकेतही ईडीपीविरुद्धच्या तक्रारी ईडीपीकडेच यायच्या, आणि माझ्या टेबलावर सगळ्यात खालचा ट्रे त्यांच्यासाठीच राखलेला होता.