एकच फाटक आणि दुपारचे बारा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातील एका अनुदानित शाळेच्या नियोजित बांधकामाविषयी मी जो लेख लिहिला होता, त्यावर आपण सविस्तर आणि थोड्या रागाने प्रतिक्रिया दिली आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे : संस्थेचे मंडळ पदरमोड करून तिसरा मजला, संगणक कक्ष, उंच कुंपणभिंत आणि कॅमेरे उभारत असताना मी घरबसल्या खोड्या काढतो, मुलांच्या सुरक्षिततेसाठी सर्व ये-जा एकाच फाटकातून ठेवण्याच्या निर्णयाला मी विनाकारण विरोध करतो, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाशिवाय आराखडा बेकायदेशीर ठरतो, हे माझे विधान मुळातच चुकीचे आहे.

शेवटचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ नुसार शाळेचा विकास आराखडा शाळा व्यवस्थापन समितीच तयार करते हे खरे. पण २०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित शाळांतील समितीचे काम केवळ सल्ला देण्यापुरते ठेवले आहे. महापालिकेच्या शाळेला लागू असलेला नियम मी अनुदानित शाळेला लावला, ही माझी चूक झाली, आणि मूळ लेखात तशी दुरुस्ती आजच केली आहे. मात्र ज्यांनी सल्ला द्यायचा, त्यांच्यासमोर नकाशा तरी उलगडायला हवा की नको? कायद्याने या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. आपल्या शाळेत बैठक ठेवली जाते ती सकाळी साडेअकराला, म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा निम्म्या आया वळलेल्या विड्या मोजून देण्यासाठी आणि दुसऱ्या दिवसाची पाने-तंबाखू आणण्यासाठी रांगेत उभ्या असतात. मग सहीचा कागद मुलाच्या दप्तरातून घरी जातो आणि सही होऊन दप्तरातूनच परत येतो. समितीचा सल्ला मिळाला, असे त्यानंतर इतिवृत्तात लिहिले जाते.

आता फाटकाविषयी, कारण आपला खरा राग त्यावर आहे. बदलापूरच्या शाळेतील अत्याचाराच्या घटनेनंतर कोण आत येतो यावर करडी नजर हवी आणि त्यासाठी एकच दार असावे, असे आपण लिहिता. आत येण्यापुरते ते शंभर टक्के बरोबर आहे. माझी हरकत बाहेर पडण्याच्या वाटेबाबत आहे, आणि लेखात मी हा फरक पुरेसा स्पष्ट केला नव्हता, हेही कबूल करतो.

गेल्या महिन्यात मी एका दुपारी पावणेबारापासून समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर उभा होतो. बारा वाजता सकाळ सत्राची घंटा होते आणि त्याच वेळी दुपार सत्राची मुले फाटकाशी येऊन थांबलेली असतात. आतले लोंढ्याने बाहेर येतात, बाहेरचे आत घुसू पाहतात, त्यात तीन-चार रिक्षा फाटकाला पाठ लावून उभ्या आणि एक दुचाकी थेट मुलांच्या मधून. पहिलीतली एक मुलगी पाण्याची बाटली उचलायला खाली वाकली आणि चार-पाच मुले तिच्यावर अडखळली. काही झाले नाही. शिपाईमामांनी तिला बखोट धरून बाजूला काढले. शाळेला मागच्या बोळात दुसरे फाटक आहे, पण त्याला कुलूप असते, आणि नव्या आराखड्यात त्या जागी सलग भिंत येणार असल्याचे मला संस्थेतूनच सांगण्यात आले. दोन सत्रांत पंधरा मिनिटांचे अंतर ठेवणे आणि सुटताना मागचे फाटक उघडणे, या दोन गोष्टींना एक रुपयाही लागत नाही. वाहतुकीचे म्हणाल, तर २०११ च्या राज्य नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी. रिक्षा कुठे थांबाव्यात, हे तिथे ठरू शकते.

लेखात कुंभकोणमच्या आगीचा उल्लेख मी घाबरवण्यासाठी केला, असे आपल्याला वाटले. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील त्या शहरातल्या एका शाळेत स्वयंपाकघरातली आग गवताच्या छपराला लागली आणि ९४ मुले दगावली. अरुंद जिन्यामुळे मुलांना बाहेर पडता आले नाही. त्याच दुर्घटनेनंतरच्या याचिकेवर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे. आपल्या इमारतीला गवताचे छप्पर नाही, हे आपले म्हणणे खरेच. पण तिसऱ्या मजल्यावर संगणक, वातानुकूलन यंत्र आणि खाली उतरायला तोच जुना एकमेव जिना असेल, तर प्रश्न छपराचा उरत नाही. आग दूर कुठे तरी लागते, असे सोलापूरकरांनी तर मानूच नये. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत लागलेल्या आगीत ८ जणांचा जीव गेला, त्यात एक तान्हे मूलही होते. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार आगीची उपकरणे चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, द्यावे लागते. कार्यालयाबाहेरच्या लाल सिलिंडरवरचे लेबल मी वाचायला गेलो, तर त्यावरची शाई उडून गेली होती.

तिसऱ्या मजल्याबाबत एवढेच : खालची इमारत तीस वर्षांहून जुनी आहे, आणि अशा इमारतीची संरचनात्मक तपासणी महानगरपालिका अधिनियमानुसार तशीही करून घ्यावी लागते. जुलै २०२५ मध्ये राजस्थानातील पिपलोदी गावी शाळेचे छत कोसळून ७ मुले गेली. तपासणीचा अहवाल हाती आल्यावर मजला चढवावा. माझा संगणकाला विरोध नाही.

कॅमेऱ्यांचीही मी चेष्टा केलेली नाही. ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयात कॅमेरे आहेतच, पण त्यांच्याबरोबर कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समितीही आहे, आणि अंदाजपत्रकात मला फक्त कॅमेरे दिसले. जिथे कॅमेरा लावताच येत नाही, त्या मुलींच्या स्वच्छतागृहापाशी शाळेच्या वेळेत एक बाई नेमलेली असणे, हे माझ्या मते दहा कॅमेऱ्यांहून मोलाचे आहे.

स्वच्छतागृहांचा विषय निघालाच आहे, तर लेखात राहून गेलेली गोष्ट सांगतो. आराखड्यात स्वच्छतागृहे चारांची आठ झाली आहेत, याचे कौतुक मी करायला हवे होते, ते आता करतो. पण गच्चीवरची टाकी तीच दोन हजार लिटरची राहणार आहे. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे मी आपल्याला सांगायला नको. चार दिवसांतून एकदा पाणी धरले तर दिवसाला पाचशे लिटर, आणि पट आहे सहाशेच्या वर. म्हणजे मुलामागे एक लिटरही नाही, पिण्याचे वेगळेच. बोअर फेब्रुवारीनंतर गुळण्या टाकतो. सातवीतली माझी भाची घरून भरून नेलेली बाटली तशीच परत आणते. कारण विचारले तर म्हणाली, पाणी प्यायले की तिकडे जावे लागते, आणि आतल्या दाराला कडी नाही. नव्या खोल्यांना फरशा कोणत्या रंगाच्या, यावर मंडळात चर्चा झाल्याचे आपणच लिहिले आहे. कडी आणि टाकी त्या चर्चेत आली होती का?

सुविधा दिसल्या नाहीत तर पालक मुलांना इंग्रजी शाळेत घालतील आणि पट घसरेल, ही आपली चिंता मला कळते. तुकडी बंद पडली तर काय होते, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणूनच मी लेखात शाळेचे नाव दिले नाही आणि इथेही देत नाही.

आपण मंडळाच्या जवळचे आहात, असे प्रतिक्रियेवरून दिसते. नकाशाची एक प्रत शाळेच्या फलकावर लावता आली आणि समितीची पुढची बैठक संध्याकाळी सहानंतर ठेवता आली, तर माझे बरेच म्हणणे तिथेच मांडता येईल. त्यात मी चुकलो असे निघाले, तर तेही इथेच लिहीन. तोवर एक छोटी चौकशी आपण करावी : मागच्या फाटकाच्या कुलपाची किल्ली शाळा भरलेली असताना नेमकी कोणाकडे असते? मी तिघांना विचारले आणि मला तीन वेगवेगळी नावे सांगण्यात आली.