एका शिलिंगचं हसू: इंग्लिश व्यंगचित्रांबद्दलच्या एका दाव्याला उत्तर

अठराव्या शतकातल्या लंडनचा दाखला देत एक विधान सर्रास फिरतं: ‘तिथले व्यंगचित्रकार वर्तमानपत्रांतून रोज राजाची खिल्ली उडवायचे, हमाल-मजूर ती चित्रं पैशा-दोन पैशांना घ्यायचे, सरकारने कधी कुणाला हात लावला नाही आणि एकही चित्रकार विकला गेला नाही.’ चार दावे आहेत, त्यांतले साडेतीन चुकीचे. अर्धा बरोबर कुठला, ते ओघात येईलच.

आधी वर्तमानपत्र. ते खिळ्यांवर, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांवर, छापलं जाई आणि खिळ्यात शाई लागते ती उठावाला. हॉगार्थ, गिलरे, रोलंडसन या त्या काळच्या नामांकित व्यंगचित्रकारांची चित्रं तांब्याच्या पत्र्यावरची. तिथे शाई खाचेत भरते. ही दोन्ही कामं एका दाबात होत नाहीत. पत्र्याला वेगळं यंत्र लागतं, दोन रुळांमधून पत्रा आणि कागद पिळून काढणारं. म्हणून व्यंगचित्र म्हणजे दुकानात स्वतंत्र विकला जाणारा सुटा कागद. मासिकात पत्र्यावरचं चित्र असलंच, तर ते वेगळं छापून आत शिवलेलं असे.

‘रोज’ का शक्य नव्हतं, हे पत्रा कसा तयार होई ते पाहिलं की कळतं. पत्रा घासून चकचकीत करायचा, तापवून त्यावर मेण आणि राळेचा पातळ थर द्यायचा, तो मेणवातीच्या धुराने काळा करायचा. काळ्यावर सुईने ओढलेली रेघ तांबूस उठून दिसते. मग कडेने मेणाचा बांध घालून आत पाणी मिसळलेलं नायट्रिक आम्ल ओतायचं. जिथे सुईने तांबं उघडं केलं, तिथेच आम्ल ते खातं. फिकट रेघा पुरेशा खोल गेल्या की आम्ल काढायचं, त्या रेघा रोगणाने बुजवायच्या आणि उरलेल्यांवर आम्ल पुन्हा सोडायचं. आम्लात जास्त वेळ राहिलेली रेघ गडद छापली जाते. आम्ल तेज झालं तर थर सुटतो आणि नको तिथे पुरळ आल्यासारखे ठिपके छापले जातात. त्यात सगळं उलटं: अक्षरं आरशातल्यासारखी लिहायची, आणि चित्र उलटवायला विसरलं की तलवार डाव्या हातात जाते.

छपाईचीही तीच गत. पत्रा कोमट करून शाई चोळायची, मलमलीच्या चिंधीने आणि शेवटी तळहाताने वरची शाई पुसायची, खाचेतली तेवढी ठेवायची. त्यावर ओलसर कागद, वर लोकरीचं जाड कापड, आणि मग रूळ. प्रत्येक प्रतीला हे सगळं नव्याने. हॉगार्थने १७४६ मध्ये बंडखोर स्कॉटिश सरदार लॉर्ड लोव्हॅटचं चित्र एक शिलिंगला काढलं, तेव्हा यंत्र रात्रंदिवस चाललं आणि दिवसाला १२ पौंड आले अशी नोंद आहे. एका पौंडाचे वीस शिलिंग, म्हणजे हिशेब २४० प्रतींचा. एवढा खप असलेल्या चित्राची ही गत! शिवाय तांबं मऊ, हजार-दीड हजार प्रतींनंतर बारीक रेघा पुसट होत जातात. हॉगार्थच्याच १७६३ च्या, सरकारविरोधी राजकारणी जॉन विल्क्सच्या चित्राच्या सुमारे ४,००० प्रती निघाल्या, पण तो अपवाद.

आता किंमत. शतकाच्या अखेरीस साधं चित्र एक शिलिंग, रंगवलेलं दोन, मोठ्या आकाराचं त्याहून महाग. रंग छापला जात नसे. समोर नमुना ठेवून माणसं एकेक प्रत जलरंगाने हाताने रंगवत, म्हणून एकाच चित्रातला कोट एका प्रतीत निळा तर दुसरीत हिरवा सापडतो. लंडनमधल्या बांधकामावरच्या बिगाऱ्याला तेव्हा दिवसाला साधारण दोन शिलिंग मिळत. अर्ध्या किंवा अख्ख्या दिवसाच्या मजुरीचा कागद तो कशाला घेईल? हॉगार्थला खरोखर गरिबांपर्यंत जायचं होतं. १७५१ च्या ‘क्रौर्याच्या चार पायऱ्या’ या मालिकेसाठी त्याने लाकडी ठसे करून पाहिले, दोन झालेही; पण खर्च अंदाजाबाहेर गेला आणि तो नाद सोडावा लागला.

गिऱ्हाईक होतं ते लंडनच्या श्रीमंत भागातल्या सेंट जेम्स स्ट्रीट आणि पिकाडिलीवरून फिरणारं, बऱ्याचदा ज्याची टर उडवली तेच. तरुण राजकारणी जॉर्ज कॅनिंग तर गिलरेने आपलंही चित्र काढावं म्हणून मित्रामार्फत खटपट करत होता. पिकाडिलीवरचा फोर्स हा विक्रेता चित्रांचे गठ्ठे एका संध्याकाळीपुरते भाड्याने देई. तो अर्धा बरोबर भाग इथे: दुकानाच्या काचेत लावलेली चित्रं बघायला पैसे पडत नसत. तिथे हमाल, पोरं, चोर सगळेच गर्दी करत. बघणारे सगळे, विकत घेणारे मोजके.

‘हात लावला नाही’ हेही खोटं. विल्यम हॉलंड या विक्रेत्याला राजेशाहीविरोधी लेखक टॉमस पेनची पुस्तिका विकल्याबद्दल १७९३ मध्ये एका वर्षाची न्यूगेट तुरुंगातली कैद झाली. जानेवारी १७९६ मध्ये गिलरेलाच अटक झाली. युवराजाच्या तान्ह्या मुलीच्या दर्शनाचं चित्र त्याने येशूजन्माच्या वेळच्या ज्ञानी पुरुषांच्या भेटीवर बेतलं होतं, आणि धर्माचा अवमान हे कलम हाताशी होतं. खटला मात्र उभा राहिला नाही. उलट १७९१ च्या डिसेंबरमध्ये त्याने श्रीरंगपट्टणहून मागे फिरणारा गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस गाढवावर बसवला आणि तटावरून टिपूला त्याच्यावर लघवी करताना दाखवलं, तरी अटक नाही. (हीच ती मे महिन्यातली माघार, जिच्यात उपाशी इंग्रजी फौजेला मराठा सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचं सैन्य येऊन मिळालं आणि धान्य मिळालं. बातमी जहाजाने जायची, म्हणून चित्राला डिसेंबर उजाडला.)

खटले कमी होते त्याला कारणं आहेत. चित्रावर फिर्याद करायची तर त्यात कोण काय करतंय ते भर न्यायालयात सांगावं लागे, म्हणजे विनोद पुन्हा एकदा मोठ्याने. नावांतली अक्षरंही गाळलेली असत. गंमत म्हणजे चित्राचा मालक लपत मात्र नव्हता: १७३५ च्या कायद्याने नक्कल करणाऱ्यांपासून १४ वर्षांचं संरक्षण मिळे, पण त्यासाठी पत्र्यावर मालकाचं नाव आणि तारीख कोरावी लागे.

राहिला विकला जाण्याचा मुद्दा. हॉगार्थ १७५७ पासून राजाच्या पदरी चित्रकार होता आणि १७६२ मध्ये त्याने पंतप्रधान ब्यूटच्या मंत्रिमंडळाची बाजू घेणारं चित्र काढलं. जेम्स सेयर्सने १७८३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या विधेयकावरून ते मांडणाऱ्या चार्ल्स फॉक्स या मंत्र्याला हत्तीवरचा ‘कार्लो खान’ केलं; पुढे पंतप्रधान झालेल्या पिटने त्याला सरकारी पद दिलं. गिलरेला १७९७ पासून सरकारकडून वर्षाला २०० पौंड गुपचूप मिळत होते आणि त्यामागे होता तोच कॅनिंग. पुढच्या शतकातली, पण याच परंपरेतली एक पावती शिल्लक आहे, जून १८२० ची. चौथ्या जॉर्जसाठी जॉर्ज क्रुइकशँकला १०० पौंड दिले गेले. बदल्यात राजाला कुठल्याही अनैतिक प्रसंगात दाखवायचं नाही. बाकीच्या प्रसंगांबद्दल पावतीत बंधन नाही.