हवा कमी करू नका, आणि बाकीचंही

थंडी पडली की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. ‘हिवाळ्यात सुरक्षित ड्रायव्हिंगसाठी चाकांतली हवा ५ पॉइंट कमी करा, सकाळी इंजिन १५ मिनिटं चालू ठेवून तापवा, काचेवरच्या बर्फावर गरम पाणी ओता, एसीला हात लावू नका, फोर बाय फोर असेल तर हिवाळी टायरचे पैसे वाचवा, बॅटरी तपासून घ्या.’ सहा सल्ले. त्यातला एक बरोबर आहे, तो शेवटी घेतो.

आधी हवा, कारण सगळ्यात घातक सल्ला हाच. थंडीत हवेचा दाब आपोआपच उतरतो. तापमान साधारण साडेपाच अंश सेल्सिअसने खाली आलं की एक पीएसआय, म्हणजे मेसेजमधला एक पॉइंट, गेला. म्हणजे २५ अंशांना ३३ भरलेली हवा शून्य अंशाला २८-२९ झालेली असते. त्यातून आणखी ५ काढलेत की उरले २३-२४. अशा टायरचं वजन कडांवर येतं, मधला भाग रस्त्यावर नीट दाबला जात नाही, आणि नक्षीतल्या ज्या बारीक चिरांनी निसरड्या रस्त्याला धरायचं त्याच मिटून जातात. हा सल्ला बहुधा वाळूत गाड्या घालणाऱ्यांकडून आलाय. तिथे तो खरा आहे, पण तेही वाळूतून बाहेर पडले की पहिल्यांदा हवा भरतात. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावरचा आकडा थंड टायरचा, म्हणून हवा सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजावी. दहा किलोमीटर पळवून पंपावर मोजलीत तर तापलेला टायर आकडा फुगवून सांगतो आणि आपण खुशीत घरी येतो.

फोर बाय फोरवाल्यांचा आत्मविश्वास मला नेहमीच चकित करतो. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी जागची सुटते झटकन, कबूल. थांबायचं कशाच्या जोरावर? ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. साध्या उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह बघून घ्या, आणि घ्याल तेव्हा चारही घ्या.

इंजिन १५ मिनिटं तापवणं ही कार्बोरेटर आणि चोकच्या जमान्यातली सवय. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला अर्धा-एक मिनिट पुरतं, मग पहिले काही किलोमीटर हलक्या पायाने चालवा. उभ्या गाडीत इंजिन उशिराच तापतं, आणि तोवर न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरत राहतं. त्याहून वाईट म्हणजे बंद गॅरेज, किंवा बर्फात बुजलेला सायलेन्सर. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गरम पाण्याचा प्रयोग मी स्वतः केलाय. काचेच्या डाव्या कोपऱ्यात खडा लागून तांदळाएवढा टवका उडालेला होता. किटलीभर पाणी ओतलं, टक् असा आवाज आला, आणि त्या टवक्यातून निघालेली रेघ बघता बघता वायपरपर्यंत गेली. ओघळलेलं पाणी खाली वायपरच्या रबरावर गोठलं ते वेगळंच. प्लास्टिकची खरवडणी आणि आतून ब्लोअर, एवढंच लागतं.

एसीचं तर उलटंच आहे. काचेवर आतून धुकं धरतं ते आपल्या श्वासातल्या दमटपणाचं, आणि एसी नेमका तोच दमटपणा काढतो. हीटर गरम, एसी चालू, हवा बाहेरून घेणारी, झोत काचेवर. खालच्या कडेपासून काच कशी साफ होत वर जाते बघा. फार कडाक्याच्या थंडीत एसीचा कंप्रेसर स्वतःहून बंद राहतो, पण बाहेरची कोरडी हवा तेव्हाही काम करते.

राहिली बॅटरी. उणे १८ अंशांना तिची सेल्फ फिरवायची ताकद निम्म्याच्या आसपास येते, आणि नेमकं तेव्हाच ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जड जातं. तेव्हा हो, बॅटरी जरूर तपासून घ्या.