‘मिनिटाला हजार शब्द’ या मेसेजबद्दल खुलासा
सोलापुरातल्या आपल्या वाचक ग्रुपवर परवा मीच टाकलेला ‘हुशार माणूस मिनिटाला हजार शब्द वाचतो’ हा मेसेज चुकीचा आहे. न तपासता पुढे ढकलला, चूक माझी.

मार्क ब्रिसबार्ट या संशोधकाने २०१९ मध्ये १९० अभ्यास एकत्र तपासले. इंग्रजी मनात वाचताना प्रौढांचा सरासरी वेग माहितीपर मजकुरात मिनिटाला २३८ शब्द, कथा-कादंबरीत २६०, मोठ्याने वाचताना १८३. मराठीला हे आकडे जसेच्या तसे लावू नका. आपल्याकडे ‘घरातल्यांनासुद्धा’ हा एकच शब्द, इंग्रजीत त्यालाच अनेक शब्द लागतात! विषय अनोळखी असला की वेग पडतोच, त्याचा हुशारीशी संबंध नाही. हजारच्या वेगाने नुसती नजर फिरते, मजकूर निसटतो.

हुरड्याच्या ग्रुपवरही तो मेसेज गेलाय म्हणे. तिथे हा खुलासा टाका, जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.